झाडाच्या बदल्यात झाड? मोहा आणि साग यांचा हिशोब



शिमगा जवळ आला. पंधरा-वीस दिवसांत मोहा गळायला लागेल. त्याच दिवसांत कुपांमध्ये कटाईही जोरात असते. १९७४ साली वन विकास महामंडळ निघालं. तेव्हापासून मिश्र जंगल साफ करायचं आणि तिथं सागाचं रोपवन उभं करायचं, हे काम सुरू झालं. गावानं याबद्दल तोंड उघडलं की साहेब लोकांचं उत्तर ठरलेलं असतं : "अरे, एक झाड तोडलं तर दहा लावतो. मग रडता कशाला?"

हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. शहरातल्या माणसाला तर फारच बरं वाटतं. एकाला दहा म्हणजे नफाच झाला की! म्हणून या अंकात या एका उत्तराचा नीट समाचार घ्यायचा आहे. आमचं म्हणणं असं की हा हिशोब खोटा आहे. तोडलं ते झाड एक आणि लावलं ते झाड दुसरंच. कुणी आपली दुभती गाय सोडून नेली आणि बदल्यात तान्ह्या पोळ्यातले दहा लाकडी बैल दिले, तर एकाला दहा मिळाले म्हणून आपण नाचू का?

दोन्ही झाडं नीट पाहून घेऊ. आपण ती रोज पाहतो, पण साहेबापुढं बोलताना मुद्देसूद सांगता आलं पाहिजे.

दोन झाडं, दोन कुळं

माणसांत जशी कुळं आणि गोत्रं असतात, तशी झाडांतही असतात. वनस्पतिशास्त्र शिकलेले लोक फूल, फळ आणि पान तपासून कुळ ठरवतात. मोहा हा चिकूच्या कुळातला. रायण म्हणजे खिरणी आणि बकुळ ही त्याची भावंडं. साग हा शिवण आणि निरगुडीचा सोयरा. दोघांनाही फुलं येतात, दोघांच्याही बीला दोन डाळी असतात. एवढं सोडलं तर नातं फार लांबचं. एका जंगलात राहतात म्हणून ते भाऊ होत नाहीत.

खात्री करायला पुस्तक नको. मोह्याचं पान तोडा, देठातून पांढरा चीक येतो, तसाच चिकूला आणि खिरणीला येतो. सागाचं पान तोडा, चीक येत नाही. पण कोवळं पान बोटांत चुरडलं तर बोटं लाल होतात. सागाची पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात आणि कोवळी फांदी चौकोनी असते. मोह्याची पानं डहाळीच्या टोकाशी झुपक्यानं येतात.

फुलांचा फरक सगळ्यात मोठा, आणि आपल्या भांडणात तोच कामाचा. साग पावसाळ्यात फुलतो. बारीक पांढरी फुलं, उंच शेंड्यावर मोठ्या तुऱ्यात. मधमाशीला त्यांचा उपयोग, माणसाच्या ताटात ती येत नाहीत. फळ कोरडं, फुगलेल्या कागदी पिशवीत बंद आणि आत दगडासारखी टणक बी.

मोहा फुलतो तो उन्हाळ्याच्या तोंडाला, अंगावरची पानं झडलेली असताना. फूल जाड, गरदार आणि गोड. रात्री फुलतं आणि पहाटे खाली पडतं. आता हे नीट ध्यानात घ्या. खाली पडतो तो फुलाचा गोड गर. ज्यातून पुढं फळ धरायचं तो भाग वर डहाळीलाच राहतो. म्हणून आपण खालची सगळी फुलं वेचली तरी एक फळही कमी होत नाही. जेठात त्याच डहाळीला फळ पिकतं आणि त्याच्या बीची टोळ आपण गोळा करतो. कुठं तिला टोरी म्हणतात, कुठं डोळी. एकच झाड एका वर्षात दोन पिकं देतं आणि त्यासाठी कुऱ्हाड लावावी लागत नाही. वेचणीनं मोह्याचं नुकसान होतं असं कुणी म्हणालं, तर त्याला पहाटे झाडाखाली घेऊन जा आणि वरची डहाळी दाखवा.

सावलीचंही पाहा. वैशाखात साग उघडा असतो, पानं यायला पाऊस लागतो. मोह्याला तोवर नवी पालवी फुटून गर्द सावली झालेली असते. गुरं, गुराखी आणि वाटसरू भर उन्हाळ्यात कोणत्या झाडाखाली बसतात ते कुणी सांगायला नको. सागाचं पान गुरं खात नाहीत. मोह्याची फुलं माणसं खातात, तशी अस्वलं खातात, चितळं खातात आणि रात्री वटवाघळं खातात.

एक उभं राहून देतं, दुसरं पडल्यावर

या सगळ्या फरकाचं सार एका वाक्यात येतं. मोहा उभा असेपर्यंत देतो, साग पडल्यावर देतो.

आषाढ-श्रावणात धानाची कोठी रिकामी होते तेव्हा वाळवलेली मोहफुलं बाहेर निघतात. भाजून, तिळाबरोबर कुटून त्याचे लाडू होतात. शिजवून भाकरीसोबत खातात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून पोटाला आधार होतो. टोळीचं तेल दिव्याला, भाजीला आणि अंगाला लागतं. पेंड बांधीत खत म्हणून जाते. लग्नाच्या मांडवात मोह्याची डहाळी लागते. आणि हे सगळं वेचतं कोण? पहाटे अंधारात टोपली घेऊन जाणाऱ्या आपल्या बाया आणि पोरं. विकलं तर तो पैसा आधी बाईच्या हाती येतो. घरात मीठ-मिरची आणि पोराचा सदरा त्यातूनच होतो.

साग काय देतो तेही प्रामाणिकपणे सांगू. घराचे खांब, आडी, दारं आणि चौकटी त्याचीच. वाळवी त्याला सहसा लागत नाही. पानं छपराला येतात. आलापल्लीच्या सागाला देशभर नाव आहे ते उगीच नाही. पण रोपवनातला साग तयार व्हायला ६० ते ८० वर्षं लागतात. तोवर गावाला काय? खड्डे खोदायची, निंदणीची आणि जाळपट्टी काढायची थोड्या दिवसांची मजुरी. झाड तयार झालं की ट्रक येतो आणि बल्लारशाच्या डेपोवर लिलाव होतो. रोप लावणारा तोवर मातीत गेलेला असतो आणि त्याच्या नातवाला घराला एक मयाल हवी तर चोर ठरतो.

आता "एकाला दहा" पुन्हा तपासू. सागाची रोपं साधारण दोन मीटरवर ओळीनं लावतात, म्हणजे एकरी सुमारे १,०००. ही सगळी वाढवायची नसतातच. काही वर्षांनी विरळणी करतात, परत काही वर्षांनी परत विरळणी. दहातली बहुतेक मध्येच तोडायची असं आधीच ठरलेलं असतं. साहेब सांगताना दहा लावल्याचं सांगतात, त्यांतली किती तोडायची ते सांगत नाहीत. आणि जो मोहा गेला तो दोन-तीन पिढ्यांचा होता. आज मोह्याचं रोप लावलं तरी भरघोस फुलायला वीसेक वर्षं जातील.

सागाचं राज्य कसं आलं

सागानं काही गुन्हा केलेला नाही. तो आपल्या जंगलात पहिल्यापासून आहे, ऐन, बिजा, धावडा, तेंदू आणि बांबूच्या संगतीत. त्याला सरकारचं झाड कुणी केलं ते पाहिलं पाहिजे.

इंग्रजाला जहाजं बांधायला साग हवा होता. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली, मग रुळांखाली घालायला लाकूड हवं झालं. १८६४ साली जंगल खातं निघालं. त्याचा पहिला मुख्य अधिकारी ब्रँडिस हा त्याआधी ब्रह्मदेशात सागाची जंगलं सांभाळत होता. म्हणजे खात्याचा जन्मच सागाच्या ओंडक्यावर झाला. जंगलात काय वाचवायचं, काय तोडायचं, कशाला "किमती" म्हणायचं आणि कशाला "किरकोळ", हे तेव्हा ठरलं. लाकूड झालं मुख्य उपज. मोहा, चारोळी, हिरडा, डिंक आणि लाख हे सगळं झालं गौण. ज्यावर आपलं पोट चालतं ते गौण, आणि ज्यावर त्यांचा खजिना चालतो ते मुख्य!

मोह्याला वेगळीच वागणूक मिळाली. १८९२ साली मुंबई सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोह्याचा कायदा केला. कारण काय, तर लोक घरी फुलांची दारू गाळतात आणि ठेकेदाराच्या भट्टीचा महसूल बुडतो. १९२७ च्या जंगल कायद्यात वनउपजाची व्याख्या वाचा. मोहाची फुलं आणि मोहाची बी ही जंगलातून आणलेली असोत वा नसोत, वनउपजच. म्हणजे आपल्या बांधावरच्या, आपल्या आजोबानं राखलेल्या झाडाची फुलंसुद्धा कायद्याच्या नजरेत वनउपज! वर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर बंधनं होतीच. इंग्रज गेला, पण त्यानं घातलेलं हे कुलूप तसंच राहिलं.

कचेऱ्यांमध्ये शिवाजी महाराजांची तसबीर असते. त्यांच्या राज्यकारभाराची रीत रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवली आहे. आरमाराला लाकूड लागे, तेव्हा त्यांनाही साग हवाच होता. राज्यातला साग परवानगीनं तोडावा असं त्यात आहे. पण आंबा आणि फणस यांना हात लावू नये, कारण रयतेनं ती झाडं लेकरासारखी वाढवलेली असतात, असंही त्यातच आहे. लाकडाचं झाड वेगळं आणि रयतेच्या पोटाचं झाड वेगळं, हा भेद तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्याला कळत होता. तसबिरीला हार घालणाऱ्यांना तो कळू नये?

स्वराज्य आल्यावर कारखानदारीसाठी लाकूड हवं झालं. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७२ च्या अहवालात मानवनिर्मित जंगलांची शिफारस केली. मिश्र जंगलाला कमी उत्पन्नाचं ठरवलं, ते तोडून एकाच जातीची किमती झाडं लावा म्हटलं आणि त्यासाठी महामंडळं काढा म्हटलं. १९७६ च्या अहवालात तर गावकऱ्यांचे हक्क आणि फुकटचा निस्तार यांनीच जंगलाचा नाश केला असा ठपका ठेवला. आता १९८० चा वनसंवर्धन कायदा पाहा. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर दिल्लीची परवानगी लागते. पण १९८८ पर्यंत उभं मिश्र जंगल कापून साग लावला तर ते "जंगलाचंच काम", त्याला ती परवानगी लागत नव्हती. आपण एक एकर नांगरला तर जंगलाचा नाश. त्यांनी शेकडो एकर साफ केले तर वनीकरण!

हे फक्त आपल्याकडंच चाललंय असं नाही. तेव्हाच्या बिहारात सिंहभूमला महामंडळानं सालाचं जंगल तोडून साग लावायला घेतला. साल हे तिथल्या लोकांचं पूजेचं आणि पोटाचं झाड. १९७८ साली लोकांनी सागाची रोपं उपटली, गोळीबार सोसले, तुरुंगात गेले. ८ सप्टेंबर १९८० ला गुवा गावी आदिवासी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आपल्या शेजारच्या बस्तरात साल तोडून कागदासाठी पाइन लावायची योजना होती, जागतिक बँकेच्या पैशावर. लोकांच्या विरोधामुळं ती गुंडाळावी लागली. झाडाच्या जाती वेगळ्या, भांडण एकच.

त्यांचं म्हणणं आणि आपलं उत्तर

*"साग लावला तरी ते जंगलच ना?"*
नाही. एकाच जातीचं, एकाच वयाचं, ओळीनं लावलेलं आणि एका दिवशी कापायचं, त्याला शेत म्हणतात. धानाच्या बांधीला कुणी जंगल म्हणत नाही. मिश्र जंगलात बाराही महिने काहीतरी फुलत असतं, काहीतरी पिकत असतं. रोपवनात खालचं गवत-झुडूप साफ करतात. सागाच्या मोठ्या पानावर पाणी साचून त्याचा जाड थेंब वरून आपटतो, उघडी माती उडते आणि नाल्यात जाते. सागाखाली गवत राहू दिलं आणि मध्ये दुसरी झाडं राहू दिली तर तोच साग मातीचं एवढं वाईट करत नाही. दोष झाडाचा नाही, लावायच्या रीतीचा आहे.

*"मोहा म्हणजे दारूचं झाड. त्यानंच तुम्ही बुडालात."*
दारूनं घरं बुडतात हे आमच्या बायांना साहेबांपेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याविरुद्ध गावागावात बोललंच पाहिजे आणि ठेकेदार मजुरीच्या जागी दारू पाजतो तेही थांबवलं पाहिजे. पण दारू उसाच्या मळीपासूनही होते. ऊस तोडून टाका, उसावर बंदी घाला, असं कुठल्या साहेबानं म्हटलंय? द्राक्षापासूनही होते. बागाईतदाराचं पीक ते पीक आणि आदिवासीचं झाड ते दारूचं! मोह्याचा लाडू साहेबाला दिसत नाही, तेल दिसत नाही, फक्त भट्टी दिसते.

*"मोहा वेचायला तुम्ही आगी लावता."*
यात तथ्य आहे. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग कधी कधी पसरते. यावर उपाय आपल्याच हातात आहे. पाला झाडून ढीग करायचा आणि बाजूला सारायचा. जाळायचाच तर भोवती गोल पट्टी साफ करून, दव असताना आणि विझेपर्यंत तिथं उभं राहून जाळायचा. गावानं असा नियम करावा आणि मोडणाऱ्याला गावानंच जाब विचारावा. पण आगीचं निमित्त करून झाडच तोडणं म्हणजे चुलीची ठिणगी उडते म्हणून घर पाडणं.

*"मोहा आपोआप उगवत नाही. साग उगवतो, म्हणून साग लावतो."*
रोपवनातला साग काही आपोआप उगवत नाही. त्याच्यासाठी रोपवाटिका आहेत, खुंट तयार करायला माणसं आहेत, तिजोरीतून पैसा आहे. मोह्यासाठी यातलं काय केलं? मोह्याची बी फार दिवस टिकत नाही, फळ पिकल्यावर लगेच पेरावी लागते. वर्षभर गोदामात ठेवून ती उगवणार नाही. रोप लहानपणी गुरांपासून राखावं लागतं. हे शिकायला परदेशी जायला नको, गावातल्या म्हाताऱ्याला विचारलं तरी पुरे. आणि आपणही सगळीच टोळ तेलाला न घालता दर झाडामागं मूठभर बी पावसाच्या तोंडाला पेरली पाहिजे. आपल्या आधीच्या पिढीनं राखली म्हणून आपल्याला मिळाली.

*"सागापासून महसूल येतो, त्यातूनच तुमचा विकास होतो."*
हा त्यांचा हुकमी मुद्दा. याचं उत्तर त्यांच्या वहीतच आहे. सागाचा ओंडका पडला की डेपोच्या वहीत त्याची लांबी, गोलाई आणि किंमत चढते. मोह्याखालून दर पहाटे टोपल्या भरून घरी जातात, त्याचा रकाना कुठल्याच वहीत नाही. ज्याचा रकाना नाही त्याची किंमत शून्य. म्हणून कूप टाकताना मोहा गेला तरी वहीत तोटा दिसत नाही, नफाच दिसतो. एका बाईनं सभेत साहेबाला विचारलं होतं, "सागानं पोट भरते का, साहेब? आमाले सांगा, कसं रांधाचं ते." साहेबापाशी उत्तर नव्हतं.

मोहा साक्षीदार आहे

आता जमिनीकडं येऊ. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासूनची जबरानजोत कायम करायची असं सरकारनं ठरवलं होतं. पण चौकशीला साहेब आला की पुरावा मागतो. दंडाची पावती दाखवा, पीकपाहणीला नाव दाखवा. ज्यांच्यापाशी कागद नाही त्यांना "तुम्ही काल आलात" म्हणून हाकलतात. अशा वेळी कागद बोलत नसेल तर झाड बोलतं.

गर्दीत वाढलेलं झाड उजेडासाठी सरळ वर जातं. त्याच्या खालच्या फांद्या मरतात, खोड उंच आणि सडपातळ राहतं. मोकळ्या जागेत वाढलेलं झाड आडवं पसरतं. त्याच्या खालच्या फांद्या जाड असतात आणि घेर मोठा असतो. आता आपल्या जोतीतला, बांधावरचा मोहा पाहा. बुंधा आखूड आणि घेर छत्रीसारखा. याचा अर्थ तो लहान होता तेव्हाही भोवती दाट जंगल नव्हतं. कुणीतरी जागा साफ केली, इतर झाडं काढली आणि मोहा राखला. आपल्या बापजाद्यांची तीच रीत होती. शेत काढताना मोह्याला कुऱ्हाड लावायची नाही. गावात विचारलं तर कोणतं झाड कुणाच्या घरचं तेही लगेच सांगतील.

उलट, ओळीत उभा असलेला सारख्या जाडीचा साग सांगतो की ही लावणी एका वर्षाची आहे. ते वर्ष खात्याच्याच नोंदीत मिळतं. त्या ओळींच्या मध्ये कुठं पसरट घेराचा जुना मोहा उभा दिसला, तर समजा की तिथं आधी माणसाचा वावर होता, शेत होतं, आणि साग मागून आला. अतिक्रमण कुणी कुणावर केलं, ते ही दोन झाडं शेजारी उभी राहून सांगतात.

एवढ्यावर केस जिंकता येईल असं समजू नका. पण स्थळ पंचनाम्यात हे लिहून घ्यायला लावा. झाडाची जागा, छातीइतक्या उंचीवर खोडाची गोलाई, फांद्यांचा घेर आणि कुणाच्या घरचं झाड ते. खातं स्वतः झाडं साडेचार फुटांवर अशीच मोजतं, त्यामुळं त्यांना नाही म्हणता येणार नाही. पंचनाम्यात लिहिलं नाही तर सही किंवा अंगठा करू नका.

आपल्या मागण्या

१. मिश्र जंगल साफ करून सागाचं किंवा कुठलंही एकजातीचं रोपवन करणं बंद करा.

२. कोणत्याही कुपात मोहा, चारोळी, तेंदू, हिरडा, बेहडा आणि आवळा यांना कटाईचा हातोडा लागता कामा नये. मार्किंग करताना गावाची माणसं हजर हवीत.

३. मोहफुलं आणि टोळ वेचणाऱ्याच्या मालकीची. साठवायला, वाहून न्यायला आणि बाजारात विकायला परवाना नको. चैतात व्यापारी स्वस्तात घ्यायचा आणि पावसाळ्यात आपल्यालाच महाग विकायचा, हे या बंधनांमुळंच फावायचं.

४. रोपवाटिकांमध्ये मोह्याची रोपं करा. कोणती झाडं लावायची ते गाव ठरवील.

५. घरापुरता साग निस्तार पत्रकाप्रमाणं गावाला मिळालाच पाहिजे. साग आमचाही आहे.

६. जबरानजोतीच्या चौकशीत जुन्या झाडांची नोंद पुरावा म्हणून घ्या.

या हंगामात गावानं करायचं काम

मोहा गळायला लागायच्या आत प्रत्येक गावानं आपल्या शिवारातल्या आणि जंगलातल्या मोह्याची मोजणी करावी. हे काम बायांनी हाती घ्यावं, कारण कोणतं झाड कुठं आहे आणि कोणतं किती देतं हे त्यांनाच पाठ असतं. शाळेत जाणारी पोरं लिहितील. वहीत चार रकाने आखा : झाड कुठं आहे, कुणाचं आहे, खोडाची गोलाई किती, घेर पसरट की उभा. मग गावातली दहा झाडं निवडा आणि त्यांच्याखालची फुलं हंगामभर वाळवून तोलून लिहा. बाजारात काय भाव मिळाला तेही लिहा. जेठात टोळीचं वजन त्याच झाडांपुढं लिहा.

ज्या कुपात यंदा कटाई आहे तिथली मोजणी सगळ्यात आधी करा. हातोडा लागलेला प्रत्येक मोहा वेगळा लिहा आणि त्या झाडापाशी गाव गोळा करा. कुऱ्हाड चालायच्या आधी बोललेलं उपयोगी पडतं. एकट्यादुकट्यानं नाकेदाराशी भांडण करू नका, हाणामारी करू नका, त्यांना केस करायला निमित्तच हवं असतं. सगळं गाव जा, वही घेऊन जा, अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या.

वहीच्या दोन प्रती करा. एक गावात ठेवा, दुसरी आठवडी बाजाराच्या दिवशी संघटनेच्या माणसापाशी द्या. गावागावाच्या वह्या एकत्र झाल्या की आपण सगळे मिळून त्या घेऊन जिल्ह्याच्या कचेरीवर जाऊ. त्यांच्या वहीत मोह्याचा रकाना नाही, म्हणून तो रकाना आपणच लिहायचा. मग साहेबांनी आपल्यासमोर त्यात लिहून दाखवावं की एका मोह्याच्या बदल्यात त्यांचे दहा साग यंदाच्या श्रावणात किती पोटं भरणार आहेत.